सरोवराकाठचा हिवाळा आणि शेजारधर्म



पहाटे धुके दिसले आणि कपाटातले स्वेटर बाहेर निघाले, की आपण म्हणतो, 'थंडी पडली!' आज आपण खऱ्या कडाक्याच्या हिवाळ्याची ओळख करून घेऊ. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात ऑन्टॅरिओ सरोवराच्या पूर्वेस टग हिल नावाचे पठार आहे. न्यूयॉर्क म्हटले की उंच इमारती डोळ्यांसमोर येतात; पण हा भाग जंगलांचा, गाईगुरांच्या गोठ्यांचा आणि विरळ वस्तीच्या खेड्यांचा.

एवढा बर्फ येतो कुठून?

फेब्रुवारी २००७ मध्ये इथल्या रेडफील्ड गावात दहा दिवसांत सुमारे १४१ इंच, म्हणजे साडेतीन मीटरहून अधिक बर्फ पडला. हूकर या वस्तीवर १९७६-७७ च्या हिवाळ्यात एकूण ४६६.९ इंच बर्फाची नोंद झाली.

हा बर्फ सरोवरच देते. ऑन्टॅरिओ सरोवराची सरासरी खोली ८६ मीटर आहे. एवढे खोल पाणी लवकर थंड होत नाही आणि क्वचितच पूर्ण गोठते. कॅनडाकडून कोरडा, गोठवणारा वारा त्यावरून वाहू लागला, की पाण्यातली ऊब व वाफ घेऊन तो वर चढतो आणि ढग बनतात. सरोवर पश्चिम-पूर्व सुमारे ३०० किलोमीटर लांब आहे. पश्चिमेचा वारा एवढे अंतर वाफ गोळा करीत येतो, पुढे पठारामुळे आणखी वर ढकलला जातो आणि सारा बर्फ तिथे रिता करतो.

हे ढग पुष्कळदा अरुंद पट्ट्यात येतात. एका गावात घरे बुजतात, तर थोड्याच अंतरावर ऊन पडलेले असते. २६ जुलै २००५ आठवून पाहा. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३! दूर बसलेल्याला आपल्या दारातले संकट दिसत नाही; ते शेजाऱ्यालाच दिसते.

शेजारी काय करतात?

अशा खेड्यांतील अग्निशमन दले बहुतांशी स्वयंसेवकांची असतात. शेतकरी, शिक्षक, दुकानदार हेच हाक येताच धावतात. दलाच्या खर्चासाठी गावजेवणे होतात. त्या निमित्ताने कोण आजारी, कोण एकटे, हेही कळते.

हिवाळ्यातले काही धोके मुके असतात. हीटरचा धूर बाहेर सोडणारे नळकांडे बर्फाने बुजले, तर कार्बन मोनॉक्साइड घरात साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. झोपेतच माणूस दगावतो. म्हणून म्हाताऱ्या शेजाऱ्याच्या दारातला बर्फ उपसताना ते नळकांडेही मोकळे करावे लागते. तसेच गोठलेल्या तळ्यांवर भोक पाडून मासे धरायला लोक जातात. त्यासाठी निदान चार इंच जाडीचा, स्वच्छ पारदर्शक बर्फ हवा. पांढरट बर्फ कच्चा असतो. शहाणी माणसे तिथे एकटी जात नाहीत.

डिसेंबर २०२२ च्या नाताळात शेजारच्या ईरी सरोवराकाठी बफेलो शहराच्या परिसरात भयंकर हिमवादळ झाले. रुग्णवाहिकाही अडकल्या. चाळीसहून अधिक माणसे मरण पावली. काही गाडीत, काही स्वतःच्या घरात. बर्फ उपसणारी यंत्रे होती, पैसाही होता. पण त्या घटकेला मदत पोहोचू शकत होती ती फक्त चालत जाण्याच्या अंतरावरून.

आपल्यासाठी बोध

आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण रस्ते पाण्याखाली जातात, वीज जाते, फोन बंद पडतात. आपली मुले परदेशी किंवा शहरात असतात आणि घरात आई-वडील दोघेच उरतात. अशा वेळी शेजारधर्म ऐनवेळी सुचत नाही. तो आधीपासून पाळावा लागतो. रोजची विचारपूस, जपून ठेवलेला फोन नंबर, विश्वासाने दिलेली घराची किल्ली एवढ्याने सुरुवात होते.

विचार व चर्चेसाठी :

१) आपल्या आळीत कोणकोण एकटे राहते? त्यांची औषधे कोणती, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक आहे?

२) ज्या शेजाऱ्याशी आपले बोलणे बंद आहे, त्याच्या घरात उद्या दिवा दिसला नाही, तर दार कोण ठोठावील?