करवतीची धार

मुलांनो, तुम्ही सुताराला काम करताना पाहिले असेल. लाकूड कापण्याआधी तो कधी कधी करवत उलटी धरतो आणि तिच्या दात्यांवर तिकोनी कानस घासतो. त्या वेळात लाकूड मुळीच कापले जात नाही. मग तो वेळ वाया गेला का? चला, या प्रश्नाचे उत्तर शोधू या.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड या भागांत नारळ, सुपारी आणि आंब्याची असंख्य झाडे पडली. रस्ते बंद झाले. मदत घेऊन येणाऱ्या गाड्या पुढे जाईनात. तेव्हा यांत्रिक करवतींनी झाडे कापून रस्ते मोकळे करावे लागले. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते. त्याच वेळी करवत बोथट झाली तर काय होईल?

यांत्रिक करवतीला एक लांब पट्टी असते. पट्टीभोवती सायकलच्या साखळीसारखी एक साखळी फिरते. इंजिन पूर्ण वेगाने चालू लागले, की ही साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर वेगाने धावते. साखळीवर वाकडे दाते असतात. एक दाता डावीकडे कापतो, तर पुढचा उजवीकडे.

ही रचना कशी सुचली, ते ऐका. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता. १९४६ साली त्याने एका ओंडक्यात भुंग्याची अळी पाहिली. ती आपल्या जबड्याने डावीकडून आणि उजवीकडून लाकूड कुरतडत सहज पुढे जात होती. कॉक्सने तसेच दाते असलेली साखळी बनवली. १९४७ साली त्याने तिचा कारखाना सुरू केला. आजच्या साखळ्याही याच पद्धतीच्या आहेत.

साखळी धारदार असली, की ती लाकडात आपोआप शिरते आणि जाड ढलप्या बाहेर पडतात. ती बोथट झाली, की पिठासारखा बारीक भुसा पडतो. कधी धूरही निघतो. मग माणूस करवतीवर जोर देऊ लागतो. त्याचे हात थकतात, तोल जातो आणि अपघात होतो. म्हणून लक्षात ठेवा, बोथट करवत धारदार करवतीपेक्षा जास्त धोक्याची असते. पडलेल्या झाडाला माती लागलेली असते. दाते क्षणभर माती, दगड किंवा खिळ्याला लागले, तरी त्यांची धार जाते.

ही धार हाताने लावता येते. जाणकार कारागीर आधी इंजिन बंद करतो, हातमोजे घालतो आणि साखळी पुसून घेतो. मग तो साखळीच्या मापाची गोल कानस निवडतो. तिची जाडी साधारण ४ ते ५.५ मिलिमीटर असते. सर्वांत जास्त झिजलेला दाता तो प्रथम घासतो. मग बाकीचे दाते त्याच्याएवढे करतो. बहुतेक साखळ्यांत कानस ३० अंशांच्या कोनात धरतात. कानस फक्त पुढे ढकलताना घासायची असते. मागे आणताना ती उचलून घ्यायची. दोन-तीन वेळा घासले, की बहुधा पुरते. आधी एका बाजूचे सगळे दाते, नंतर दुसऱ्या बाजूचे. दोन्ही बाजूंना सारखेच घासायचे. एक बाजू जास्त घासली गेली, तर करवत लाकडात तिरकी जाते.

प्रत्येक दात्यापुढे एक लहान उंचवटा असतो. दात्याने किती खोल कापायचे, हे तो ठरवतो. तो दात्याच्या टोकापेक्षा साधारण अर्ध्या ते पाऊण मिलिमीटरने खाली असतो. दाता झिजला, की चपट्या कानशीने उंचवटाही थोडा उतरवावा लागतो. पण जास्त उतरवला, तर करवत हातात उसळते.

हे काम मोठ्या माणसांचे आणि शिकलेल्या हातांचे आहे. तुम्ही यंत्राला हात लावू नका. मात्र कारागीर कानस कशी धरतो, दोन्ही बाजू किती वेळा घासतो, हे दुरून नीट पाहा.

आता सुतार आठवा. तो वेळ वाया घालवत नव्हता. धार लावण्यात गेलेली दहा मिनिटे पुढच्या कामात तासभर वाचवतात. कधी कधी ती कारागिराचा हातही वाचवतात.

शब्दार्थ

कानस – रेती. बोथट – कुंद. भुसा – बुरादा. कोन – जाविया. ढलपी – लाकडाचा लहान तुकडा

स्वाध्याय

१. कॉक्सला साखळीची कल्पना कशावरून सुचली?
२. साखळी बोथट झाली, हे कशावरून ओळखावे?
३. दोन्ही बाजूंचे दाते सारखे का घासावेत?
४. विरुद्ध अर्थाचे शब्द लिहा : धारदार, डावा, खोल.
५. तुमच्या भागातील कोणता कारागीर आपली हत्यारे कशी जपतो, ते पाहा आणि पाच वाक्ये लिहा.