गणपतीला गावी जाणार ना?

पुण्यात आमचा ऑफसेटचा छापखाना आहे आणि माणसं नेमण्याचं काम २२ वर्षं माझ्याकडे आहे. गणपती आणि दिवाळी यांत जेमतेम दोन महिने. ज्या दिवसांत दिवाळी अंकांचे फर्मे मशिनवर असतात, नेमक्या त्याच दिवसांत आमची कोकणातली मंडळी गावी जातात. रजेविषयी कसं विचारावं, हे मी ठेचा खाऊनच शिकले.

१. खरं बोलणाऱ्याला परत पाठवू नये. सुरुवातीच्या काळात "मोठी सुट्टी घेणार नाही ना?" असं मी दरडावून विचारायची. सावंतवाडीकडचा एक बाइंडर "नाही" म्हणाला आणि हरतालिकेच्या आदल्या दिवशी न सांगता गेला. आठ दिवस फोन बंद. कटिंग मशिनशेजारी अंकांची थप्पी तशीच पडून, आणि संपादक दिवसातून तीनदा दारात. परतल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. तो खाली मान घालून म्हणाला, "ताई, आधीच्या दोन ठिकाणी खरं सांगितलं. काम मिळालं नाही." घरचा गणपती त्याच्याच हातून बसतो, वडील थकलेत. मी प्रश्नच असा विचारला होता की खोट्याशिवाय त्याला उत्तर नव्हतं. त्याची चूक होती, पण निम्मी माझी होती.

२. आधी आपली अडचण सांगावी. "श्रावणापासून कामाचा रेटा असतो, दसऱ्यानंतर रात्रपाळी लागते. यात तुला कोणते दिवस हवेतच?" या 'हवेतच'ला माणसं मोकळेपणानं उत्तर देतात. कुणी छठपूजा सांगतं, कुणी वारी, कुणी बहिणीचं लग्न.

३. तारीख लिहून घ्यावी. 'गणपतीत' म्हणजे नक्की कधी? २०२५मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला.

४. हा प्रश्न निवड मनात पक्की झाल्यावरच विचारावा, आणि सगळ्यांना सारखाच. काम बघण्याआधी रजा ऐकली की मन कलुषित होतं. माझं झालेलं आहे.

५. लग्न कधी, मूल कधी, हे बाईला विचारू नये. पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७पासून कायद्यात आहे. ती द्यायची, ठरवून माणूस जोडायचा. डीटीपीला बसणाऱ्या आमच्या दोघी बाळंतपणानंतर परतल्या आणि आज मुद्रितशोधनही सांभाळतात.

६. "उद्यापासून येतो" म्हणणाऱ्याला विचारावं, "आधीच्या मालकाला सांगितलंस का?" महिन्याची मुदत मागणारा मला जास्त भरवशाचा वाटतो.

७. कबूल केलेली रजा मोडू नये. एका वर्षी कागद उशिरा आला म्हणून मी एकाला थांबवलं. तो थांबला, अंक वेळेवर गेले, आणि दिवाळीनंतर त्यानं काम सोडलं. ते मला आजही लागतं.

सावंतवाडीचा तो बाइंडर अजून आमच्याकडेच आहे. पूर्वी रेल्वेचं आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४पासून ६० दिवस आधी उघडतं. त्यामुळे हल्ली जून-जुलैत तो टेबलाशी येतो आणि म्हणतो, "ताई, तिकीट काढतोय. तारीख लिहून घ्या."