नदीने कोरलेले रांजण

हिंगोलीच्या मुलांना कयाधू नदी चांगली परिचयाची आहे. उन्हाळ्यात तिचे पाणी ओसरले म्हणजे पात्रात लहानमोठे गोटे उघडे पडतात. मुले ते वेचतात, झेलतात आणि दूर भिरकावतात. परंतु हातातला हा गुळगुळीत गोटा एका थोर कारागिराचे हत्यार आहे, हे क्वचितच कोणाच्या ध्यानी येते.

तो कारागीर म्हणजे नदी. कयाधू पुढे पैनगंगेस जाऊन मिळते. पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून वाहते आणि कयाधूला पोटात घेऊन पूर्वेकडे जाते. नांदेड व यवतमाळ या जिल्ह्यांच्या सीमेवर ती काळ्या खडकाच्या कड्यावरून एकदम खाली झेपावते. हाच सहस्रकुंडाचा धबधबा. पावसाळ्यात त्याची गर्जना दुरूनही ऐकू येते आणि तुषारांनी आसमंत धूसर होऊन जातो. कड्याच्या पायथ्याशी खोल डोह आहे. लोकांनी या स्थळाला दिलेल्या नावातच हजार कुंडे आहेत. अशी कुंडे खडकात खणली कोणी?

हा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे. पाथरवटाची छिन्नीही त्यावर सहजासहजी चालत नाही. मग ओंजळीत न ठरणारे पाणी त्याला कसे कोरते? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात सापडेल. करपलेले पातेले नुसत्या पाण्याने कधी निघते का? त्याला राख किंवा वाळू लावून घासावे लागते. नदीचेही तसेच आहे. पाणी हे तिचे बळ आणि वाळू, खडे, गोटे ही तिची हत्यारे होत.

प्रवाहात खडकाला कोठे तरी एखादी फट किंवा लहानसा खळगा असतो. पाणी तेथे अडखळते आणि त्याचा भोवरा होतो. वाहत आलेला एखादा गोटा त्या भोवऱ्यात सापडला, की तो खळग्यातच गरगर फिरू लागतो. जात्याच्या दोन तळ्यांमध्ये धान्याचे पीठ व्हावे, तसे गोटा आणि खडक एकमेकांना झिजवतात. गोटा झिजून संपला, तर पुढच्या पुरात दुसरा येतो. असे हजारो पावसाळे जातात आणि खळग्याचा रांजण होतो. म्हणूनच अशा खळग्यांना रांजणखळगे म्हणतात. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रात असे खळगे मोठ्या संख्येने पाहावयास मिळतात. काही इतके रुंदावले आहेत, की शेजारच्या दोहोंमधली भिंत झिजून ते एक झाले आहेत. नदी आपले पात्र खोल करते ती अशी.

धबधब्याखालचा डोह याच रीतीने, पण अधिक वेगाने घडतो. उंचावरून कोसळणारे पाणी तळावर घणासारखे आदळते आणि तेथील दगडगोटे घुसळून काढते. डोह खोल होत जातो, तसा कड्याचा पायाही आतून पोखरला जातो. कड्याच्या पोटात मऊ थर असेल, तर हे काम लवकर होते. शेवटी वरचा कठीण थर आधारावाचून लोंबकळतो आणि एके दिवशी कोसळतो. त्याचे तुकडे डोहात पडून नदीची नवी हत्यारे बनतात, आणि धबधबा थोडा मागे सरतो. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील नायगारा धबधबा सुमारे बारा हजार वर्षांत अशा तऱ्हेने जवळजवळ ११ किलोमीटर मागे हटला आहे.

महाराष्ट्रात हिमनद्या नाहीत. पण हिमालयासारख्या थंड पर्वतांत बर्फही हेच काम करतो. हिमनदीच्या तळाशी गोठून बसलेले दगड कानशीसारखे खडक घासतात. वितळलेले पाणी बर्फाच्या भेगांतून खाली जाते आणि गोट्यांसह घुमत तळाच्या खडकात रांजण कोरते. स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्न शहरी १८७२ साली तळघरासाठी खोदकाम चालू असता असे रांजण उघडकीस आले. त्यांतील सर्वांत मोठा ९.५ मीटर खोल व ८ मीटर रुंद आहे. ज्या हिमनदीने तो कोरला, ती तेथून केव्हाच नाहीशी झाली आहे.

मुलांनो, हे कुंड पाहावयास जाल तेव्हा एक गोष्ट विसरू नका. ज्या शक्तीने पाषाण कोरला, ती डोहात अजून जागी असते. वरून पाणी संथ दिसले, तरी त्याची खोली डोळ्यांना कळत नाही. धबधब्याखालचा प्रवाह माणसाला तळाकडे ओढतो. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे तेथे चांगल्या पोहणाऱ्यालाही तरंगणे कठीण जाते. काठाचे खडक शेवाळाने निसरडे झालेले असतात. इकडे आकाश निरभ्र असूनही वर डोंगरात पाऊस पडला, तर पाणी अकस्मात चढते. म्हणून असे सौंदर्य दुरूनच डोळे भरून पाहावे. पाण्यात उतरण्याचा मोह धरू नये.

आणि कयाधूच्या वाळवंटात पुन्हा एखादा गोटा सापडला, तर तो क्षणभर तळहातावर धरून पाहा. त्याचे कोपरे नदीने झिजवले आहेत, आणि त्यानेही वाटेत कोठे तरी खडक झिजवला आहे. पुढच्या पुरात तो आपल्या कामाला निघेल.

शब्दार्थ
आसमंत – सभोवारचा प्रदेश
पाथरवट – दगड घडवणारा कारागीर
कानस – धातू घासण्याचे हत्यार
निरभ्र – ढग नसलेले

स्वाध्याय
१. नदीचे बळ कोणते व हत्यारे कोणती?
२. रांजणखळगा कसा तयार होतो, ते क्रमाने लिहा.
३. धबधबा मागे का सरतो?
४. संथ दिसणाऱ्या डोहात उतरणे धोक्याचे का आहे?
५. आपल्या गावाजवळील ओढ्यातील पाच गोटे वडीलधाऱ्यांसमवेत जाऊन वेचा. त्यांपैकी कोणता गोटा सर्वांत दुरून आला असावा, ते कारण देऊन सांगा.