कनान देशाचा पाऊस, रान व पाणी
(उपदेशक व शब्बाथशाळेचे शिक्षक यांजकरिता पाठ)

शास्त्रभाग : अनुवाद ११:१०-१७, लूक १२:५४-५५, याकोब ५:७.

आपल्या मंडळ्यांत बहुतेक लोक शेतकरी आहेत. तेव्हा शास्त्रातील पाऊस, पेरणी व कापणी यांविषयीची वचने त्यांस समजावून देण्याचे कारण नाही, असा पुष्कळ उपदेशकांचा समज असतो. आमच्या मते अडचण नेमकी तेथेच आहे. वाचणारा आपल्या शिवाराचा पाऊस कनान देशावर पाडितो, आणि मग वचनाचा अर्थ उलटा होऊन बसतो.

आपल्या मराठी शास्त्रात 'आगोटीचा' व 'वळवाचा' असे दोन पाऊस सांगितले आहेत. आपल्याकडे वळीव आधी येतो, वैशाखात, विजा व वारा घेऊन. आगोट त्यामागून, मृगाच्या सुमारास. म्हणून ऐकणाऱ्यास वाटते की हे दोन्ही पाऊस महिना-दीड महिन्याच्या आतले आहेत. कनानात तसे नाही. तेथे पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडतो. उन्हाने दगडासारखी झालेली भुई तो मऊ करितो, तेव्हा नांगर चालतो व गहू आणि जव पेरितात. मोठा पाऊस डिसेंबरापासून फेब्रुवारीपर्यंत, ऐन थंडीत. शेवटला पाऊस मार्च-एप्रिलात, कणसात दाणा भरावयाच्या वेळी. म्हणजे पहिल्या व शेवटल्या पावसात चार-पाच महिन्यांचे अंतर. याकोबाने ज्या शेतकऱ्याचा धीर आपणांपुढे ठेविला आहे, तो बी मातीत टाकून सारा हिवाळा आकाशाकडे पाहत राहणारा शेतकरी होय.

हे ध्यानात आले म्हणजे इतर गाठीही सुटतात. गीतरत्नाच्या दुसऱ्या अध्यायात हिवाळा व पाऊस एकदमच सरतात, याचे आपल्या लोकांस नवल वाटते. तेथे ते दोन्ही एकच आहेत. पलायन हिवाळ्यात होऊ नये अशी प्रार्थना करा, असे प्रभूने का सांगितले? कारण तेव्हा ओढे भरून वाहतात व वाटा चिखलाच्या होतात. शमुवेलाने गव्हाच्या कापणीत पाऊस मागितला (१ शमुवेल १२), तो प्रसंग आपल्याकडील कोणी ऐकिला तर तो म्हणेल, यात विशेष काय? अवकाळी पाऊस आमचाही गहू झोपवितो. परंतु तेथील गव्हाची कापणी मे-जूनची, आणि त्या दिवसांत तेथे पावसाचा थेंबही बहुधा पडत नाही. म्हणून लोक भयभीत झाले.

असे का होते, याचे कारण सूर्याच्या मार्गात आहे. विषुववृत्ताजवळ हवा तापून वर चढते, थंड होते, आणि तिच्यातील बाष्प पाऊस होऊन तेथेच गळते. काँगो व ॲमेझॉन या नद्यांकाठची सदाहरित अरण्ये त्यामुळे झाली. कोरडी झालेली ती हवा उत्तरेस व दक्षिणेस सुमारे ३० अंशांवर खाली उतरते. उतरती हवा तापत जाते व ढग धरू देत नाही. सहारा व अरबस्तान यांची वाळवंटे याच पट्ट्यात आहेत. त्याहून पुष्कळ उत्तरेस रशिया व कानडा येथील सूचिपर्णी झाडांची अफाट राने, आणि त्यांच्याही पलीकडे जेथे भुईच्या पोटातील माती बारा महिने गोठलेली असते व झाड उभे राहत नाही असा प्रदेश, ज्यास टुंड्रा म्हणतात.

कनान देश ३१ ते ३३ अंशांवर, म्हणजे वाळवंटाच्या उंबरठ्यावरच आहे. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेस सरकला म्हणजे कोरडा पट्टाही उत्तरेस सरकून त्या देशावर येतो. सूर्याच्या त्याच सरकण्याने आपल्याकडे नैर्ऋत्येचे ओले वारे ओढले जातात. हिवाळ्यात पट्टा दक्षिणेस जातो, आणि भूमध्य समुद्रावरून पश्चिमेची वादळे पाऊस घेऊन कनानात शिरतात. पश्चिमेस ढग दिसला की लोक पाऊस येणार म्हणतात, हे प्रभूचे बोलणे, आणि एलीयाच्या चाकराचे समुद्राकडे पाहणे, दोन्ही यामुळे स्पष्ट होतात. हेच हवामान कॅलिफोर्निया, चिली देशाचा मध्यभाग, आफ्रिकेचे केप टोक व ऑस्ट्रेलियाचा नैर्ऋत्य कोपरा येथेही आहे. द्राक्षे तेथेही उत्तम होतात.

आता समुद्राकडून पूर्वेस चला. सह्याद्रीच्या लोकांस ही वाट परकी वाटणार नाही. महाबळेश्वरास वर्षाकाठी सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथून शंभरेक किलोमीटरांवर माणदेशात सुमारे ५००. ढग डोंगर चढताना रिकामे होतात, व मागच्या बाजूस कोरडा वारा उतरतो. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे व तेथे सुमारे ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून अवघ्या २५ किलोमीटरांवर यरीहो, समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. तेथे पाऊस दीडशेच्या आसपास. शोमरोनी मनुष्याच्या दाखल्यातील वाटसरू यरुशलेमेहून खाली जात होता, ते हे हजार मीटरांचे खाली जाणे.

यरुशलेमचा पाऊस माणदेशाहून फारसा अधिक नाही, ही गोष्ट आम्हांस फार बोधक वाटते. तरी तेथे जैतून, अंजीर व द्राक्षी यांनी डोंगर भरलेले असत. पाणी थंडीत पडते, त्याची वाफ थोडी होते, व ते खडकाच्या भेगांतून खोल मुरते. पावसाचा आकडा सारखा, पण ऋतू निराळा म्हणून झाड निराळे. जक्कय ज्या उंबरावर चढला तो आपल्या उंबराचा भाऊबंद. त्यास हिमाचा कडाका सोसत नाही, म्हणून तो यरीहोसारख्या उबदार सखल भागी वाढतो. लबानोनाचा गंधसरू मात्र हजार-दीड हजार मीटरांवर बर्फात उभा असतो.

'रान' अथवा 'अरण्य' या शब्दाविषयी उपदेशकांनी विशेष सावध असावे. प्रभूची परीक्षा अरण्यात झाली असे वाचून आपल्या मुलांस साग-बांबूचे दाट जंगल डोळ्यांपुढे येते. यहूदीयाचे अरण्य म्हणजे डोंगराच्या पाठीमागची उघडी, खडकाळ, निष्पर्ण उतरण. हिवाळ्यानंतर काही आठवडे तेथे गवत येते, मेंढपाळ कळप नेतात, आणि मग पुन्हा धोंडे.

येथे एक गोष्ट बोलणे आम्हांस आवश्यक वाटते. पावसाने ओढ दिली म्हणजे काही गावांत शेजारी म्हणतात, या लोकांनी गावदेवीचा नैवेद्य सोडला म्हणून पाऊस गेला. आणि आपल्यातील काहीजण अनुवाद ११:१७ पुढे करून उत्तर देतात की, तुमच्या मूर्तींमुळे आकाश बंद झाले. आम्हांस दोन्ही बोलणी सारखीच चुकीची वाटतात. माणदेश डोंगराच्या आड आहे, आणि तेथे सुवार्ता पोहोचण्यापूर्वीही तो आडच होता. १९७२ च्या दुष्काळाने कोणाचे घर निवडून घेतले नाही. अनुवादातील ते भाषण मिसरातून निघालेल्या लोकांस केलेले आहे. मिसरात पाऊस जवळजवळ नाहीच; हबसाणाच्या डोंगरांवर उन्हाळ्यात पडलेला पाऊस नीलनदीच्या पुराने तेथे येत असे, व लोक पाटाने शेते भिजवीत. कनानच्या टेकड्यांवर चढवावयास अशी नदी नाही. म्हणून त्या लोकांस वर पाहण्यास शिकविले. कोणी विचारील, एका नगरावर पाऊस पाडिला व दुसऱ्यावर नाही, असे आमोस म्हणतो ना? होय; परंतु आमोसास देवाचे वचन प्राप्त झाले होते. आपल्या तालुक्याच्या पर्जन्याविषयी असे वचन कोणास झालेले नाही, आणि मत्तय ५:४५ व लूक १३:१-५ ही वचने मात्र आपणां सर्वांस दिलेली आहेत. शेजाऱ्याच्या सुकलेल्या पिकावर उपदेश करू नये. त्याच्या गुरांस पाणी द्यावे.

पाण्यांचे प्रकारही तेथे जवळजवळ आहेत. गालीलाचा समुद्र हे गोड्या पाण्याचे सरोवर, सुमारे २१ किलोमीटर लांब व १३ रुंद, समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली. त्यात मासे विपुल. भोवतालच्या उंचवट्यांवरून गार वारा त्या उबदार खळग्यात कोसळतो, म्हणून तेथे वादळ अकस्मात उठते. तेथून यार्देन वळणे घेत मृत समुद्रास मिळते. त्याचा काठ समुद्रसपाटीच्या ४३० मीटरांहूनही खाली असून पृथ्वीवर कोरड्या भूमीचे याहून सखल स्थळ नाही. पाणी आत येते, बाहेर जात नाही; वाफ उडते, मीठ राहते. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर ज्यांनी पाहिले आहे, त्यांस ही रीत कळेल. मृत समुद्र महासागराच्या सुमारे दहापट खारा आहे. नदीने वाहून आणिलेला मासा तेथे मरतो, केवळ अतिसूक्ष्म जीव जगतात. गेल्या काही दशकांत यार्देनेचे पाणी शेते व नगरे यांकडे वळविल्यामुळे, व काठच्या कारखान्यांनी मिठासाठी पाणी आटविल्यामुळे, हा समुद्र दरवर्षी एक मीटराहून अधिक खाली जात आहे. यहेज्केलाने ४७ व्या अध्यायात ज्या एन-गेदीस कोळी जाळी पसरताना पाहिले, तेथील काठाची भुई आता खचून खड्डे पडतात. त्याच दर्शनात दलदलीची काही ठिकाणे मिठासाठी खारटच राहतात, हे वाचावयास चुकू नये. संदेष्ट्यास स्वयंपाकघराचीही आठवण होती.

शिक्षकांनी वर्गात भिंतीवर कोळशाने दोन रेघा काढाव्या : एक कोकणापासून घाट चढून माणदेशात उतरणारी, दुसरी भूमध्य समुद्रापासून यरुशलेम चढून यरीहोस उतरणारी. मग मुलांस विचारावे, उंबर कोठे, जैतून कोठे, मेंढरे कोणत्या महिन्यात कोठे. मोठ्यांच्या वर्गात प्रेषितांची कृत्ये २७ चालू होईल, तेव्हा हीच दुसरी रेघ पुन्हा उपयोगी पडेल. उपासाचा दिवस होऊन गेला होता, म्हणजे हिवाळ्याच्या पश्चिमी वादळांचे दिवस आले होते, आणि पौलाने तारवाच्या धन्यास निघू नका म्हणून सांगितले ते यासाठीच.