धुळीने शेडर कमी होत नाहीत

"एमआयडीसीत राहता ना भाऊ? मग कार्डानं धूळ खाल्ली असणार. त्याला आम्ही काय करणार?"

दुकानदाराने ग्राफिक्स कार्ड हातातही न घेता हे सांगितलं. जालन्याच्या एमआयडीसीत राहणाऱ्याला धूळ म्हणजे काय हे कुणी शिकवू नये. रोलिंग मिलच्या बाजूला माझी खोली आहे. खिडकीच्या पट्टीवर चुंबक फिरवला की काळी पूड त्याला चिकटून वर येते. ती मिल स्केल, तापलेल्या लोखंडावरची खपली. मशीनमध्ये गेली तर काय करते हे मला ठाऊक आहे, म्हणूनच माझं कॅबिनेट टेबलावर असतं, पुढच्या जाळीला फिल्टर आहे आणि ब्लोअर नेमाने मारला जातो. धुळीने पंखा अडतो, कार्ड तापतं, फार तर बंद पडतं. २३०४ शेडरचे, म्हणजे कार्डातल्या गणन-एककांचे, २०४८ होत नाहीत.

माझी मशीन म्हणजे आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ बोर्ड, ८ जीबी डीडीआर३, साधी हार्डडिस्क आणि २०१४ सालचं जीटीएक्स ७५० टीआय. ती वाढवायला दिवाळीच्या बोनसमधले पंधरा हजार बाजूला काढले होते. एवढ्या वयात गेम कसले खेळतोस, असं घरी म्हणतात. दिवसभर भट्टीच्या झळीत उभं राहून आल्यावर माणसाला एखादा तास स्वतःचा लागतो. तो मला या मशीनसमोर मिळतो, आणि त्यासाठी घाम गाळून साठवलेल्या पैशाला तेवढाच मान मिळायला हवा होता.

आरएक्स ५८०, ८ जीबी हवं, असं मी दुकानदाराला व्हॉट्सॲपवर स्पष्ट लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं, "ओरिजिनल ५८०, सीलपॅक, सहा महिने दुकानाची वॉरंटी." माझ्या एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, लेबलचा फोटो पाठवून हा पुरेल का, असंही विचारलं. "चालेल बिनधास्त." बिल मागितलं तर म्हणाला, बिल पाहिजे तर १८ टक्के वर लागतील. मी पैसे यूपीआयने दिले आणि नोटच्या रकान्यात कार्डाचं पूर्ण नाव टाकलं. पुढे कामाला आली ती ही नोट आणि ते मेसेज.

कार्ड बसवलं, गेम सुरू केला, आणि मशीन रिस्टार्ट झाली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग जीपीयू-झेड उघडलं. फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर आहे, एका खिडकीत कार्डाची सगळी कुंडली मांडतं. शेडर्सच्या रकान्यात २०४८. २०१७ साली आलेल्या खऱ्या आरएक्स ५८० मध्ये हा आकडा २३०४ असतो. नाव पुन्हा वाचलं तर ५८० च्या पुढे "२०४८ एसपी" जोडलेलं. हे मॉडेल एएमडीने ऑक्टोबर २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी काढलं. नावाला ५८०, आतून ५७०. खोक्यावर ५८० मोठ्या अक्षरात छापलेलं होतं.

मग कार्ड काढून दिव्याखाली धरलं. सीलपॅक म्हणून विकलेल्या कार्डाच्या स्क्रूची डोकी पेचकसाने खरवडलेली. थर्मल पॅडमधून पाझरलेलं तेल बोर्डावर पसरून सुकलेलं. स्लॉटमध्ये शिरणाऱ्या सोनेरी पट्ट्यांवर ओरखडे, म्हणजे कार्ड आधी कुठल्या तरी मशीनमध्ये बसून आलेलं. जीपीयू-झेडमधले क्लॉकचे आकडेही कंपनीचे नव्हते. क्रिप्टो मायनिंगवाले बायोस बदलून कोअरचा वेग खाली आणतात, तसा तो आणलेला होता. इथेरियमचं ग्राफिक्स कार्डावरचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला थांबलं, आणि दिवसरात्र राबवलेली कार्डं जगभरच्या बाजारात आली. धुऊन, नवं स्टिकर लावून, नव्या खोक्यात घालून ती विकली जातात. वापरलेलं म्हणून सांगितलं असतं आणि तशी किंमत लावली असती, तर माझी काही तक्रार नव्हती.

आमच्या मिलमध्ये सळईच्या गठ्ठ्यावर हीट नंबरचा टॅग नसेल तर ट्रक गेटबाहेर पडत नाही. आयएस १७८६ या मानकाप्रमाणे टेस्ट सर्टिफिकेट सोबत जातं, आणि माल कमी प्रतीचा निघाला तर उत्तर आम्हाला द्यावं लागतं. त्याच गावात एक माणूस सीरियल नंबर न लिहिता हजारोंचा माल काउंटरवरून सरकवतो आणि उलट धुळीकडे बोट दाखवतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

घेताना चहा पाजणारा हा माणूस मी परत गेल्यावर मोबाईलमधून मान वर करत नव्हता. आधी "शेठ नाहीत", मग "तुमचं व्होल्टेज वरखाली होतं", मग धूळ. मी आकडा दाखवला तर म्हणाला, "सॉफ्टवेअर काहीही दाखवतं."

रिस्टार्टचं कारण एसएमपीएसच्या लेबलवरच होतं, आणि तो फोटो त्याच्याकडे होता. वरती मोठ्या अक्षरात ४५० वॅट. पण १२ व्होल्टच्या खाली १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः याच १२ व्होल्टवर चालतात. प्रोसेसर ८४ वॅटचा आणि हे कार्ड दीडशेच्या आसपासचं. ७५० टीआय ६० वॅटमध्ये भागवायचं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. खरं ५८० दिलं असतं तर त्याला १८५ लागले असते. म्हणजे "चालेल बिनधास्त" हे कुठल्याच हिशोबात बसत नव्हतं.

शेवटी मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि कायदा वाचला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे बिल न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दावा लावता येतो, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. हे सगळं मेसेजमध्ये लिहून पाठवल्यावर शेठ दुकानात सापडले. रोख पैसे मात्र त्यांनी दिलेच नाहीत. त्या बदल्यात एसएसडी आणि चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घ्यावा लागला, तेही शेठ सांगतील त्या भावाने. बिल मात्र मी सीरियल नंबरसकट लिहून घेतलं. कार्ड काउंटरवर परत ठेवलं तेव्हा त्यांनी ते पुसून पुन्हा त्याच खोक्यात घातलं. ते पुढे कुणाच्या तरी गळ्यात जाणार, याचा राग माझ्या फरकाच्या पैशांपेक्षा मोठा आहे.

जुनी मशीन वाढवणाऱ्यांनी आधी एसएसडी घ्यावी. खेळाचे फ्रेम वाढत नाहीत, पण मशीन सुरू होण्यातला आणि गेम लोड होण्यातला फरक पहिल्याच दिवशी कळतो. एच८१ वर चारपैकी दोनच सॅटा पोर्ट वेगवान असतात, एसएसडी त्यातच लावा. आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी नवं मिळतं म्हणून या बोर्डासाठी घेऊ नका. ही कार्डं चारच लेनवर चालतात आणि एच८१ चा स्लॉट पीसीआय एक्सप्रेस २.० आहे, वेग तिथेच गुदमरतो. जुन्या एनव्हिडिया कार्डावर नवं नाव चढवून विकतात, तेही जीपीयू-झेड पकडतं आणि नावाआधी फेक लिहून दाखवतं. पैसे देण्याआधी कार्ड समोर चालवून, हा स्क्रीन बघून, फोटो काढा. घासाघीस करा, चार ठिकाणी विचारा.

मी पुढे छत्रपती संभाजीनगरच्या एका मुलाकडून वापरलेलं जीटीएक्स १६५० घेतलं. वेगळी पॉवर केबल न लागणारं, ७५ वॅटचं. त्याच्या घरी बसून अर्धा तास गेम चालवून पाहिला, शेडर ८९६ आहेत याची खात्री केली. त्याने मूळ बिल आपणहून काढून दिलं.

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. त्यामुळे या बोर्डाचे दिवस भरत आलेत. रॅमचे भाव एआयच्या डेटा सेंटरांनी चढवून ठेवलेत, ते उतरले की बोर्ड बदलेन. एसएसडी, एसएमपीएस आणि कार्ड तिन्ही उचलून नव्या बोर्डावर बसतील. डीडीआर३ ची पट्टी बसणार नाही, म्हणून तिच्यात मी एक रुपयाही घातलेला नाही.