कंपनीला झोप का नाही?

प्रश्न : आम्ही धाटावला राहतो. मिस्टर एमआयडीसीत कंपनीत शिफ्टला आहेत. मोठा मुलगा पाच वर्षांचा, धाकटी तीनची. मोठ्याचं सकाळी डोळे उघडल्यापासून ‘का’ सुरू होतं. मी पोळ्या लाटत असते, कपडे वाळत घालत असते, तो मागे मागे असतोच. बाबा रात्री कामाला का जातात? कंपनीला झोप का नाही? मामाकडे जाताना सकाळी कोलाडच्या पुलावरून नदी भरलेली दिसली, संध्याकाळी परत आलो तर नुसते खडक; मग पाणी गेलं कुठे? आंघोळ लांबली की बोटं म्हातारी का होतात? एकाचं उत्तर दिलं की दुसरा ‘का’ तयार. त्यात नाईट करून आलेले बाबा आत झोपलेले असले की ‘हळू बोल, हळू बोल’ म्हणता म्हणता मीच ओरडते. धाकटीची वेगळीच तऱ्हा. तिला रोज रात्री तीच एक गोष्ट लागते, आणि मी पेंगत एखादं वाक्य गाळलं तर ती बरोब्बर पकडते. सासूबाई म्हणतात, लाडावून ठेवलीयेस. इतके प्रश्न नॉर्मल आहेत का? आणि सगळ्यांची उत्तरं द्यायलाच हवीत का?
– एक आई, धाटाव (ता. रोहा)

उत्तर : ताई, आधी एक आकडा सांगतो. तो सासूबाईंनाही वाचून दाखवा. अमेरिकेतल्या मिशेल शुईनार्ड या संशोधक बाईंनी चार लहान मुलांच्या घरातल्या बोलण्याच्या नोंदी तपासल्या. मुलं सव्वा वर्षापासून पाच वर्षांपर्यंतची. २००७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे २३० तासांच्या बोलण्यात २४ हजारांहून जास्त प्रश्न निघाले, म्हणजे तासाला शंभराच्या वर! त्यातले काही अर्थातच ‘बिस्किट देशील?’ छापाचे होते. पण दहातले सात तरी काहीतरी जाणून घेण्यासाठी विचारलेले होते. तुमच्या मुलाचे प्रश्न मोजत बसलात तरी तो या चौघांच्या फार पुढे जाईल असं वाटत नाही.

इथे ‘तास’ म्हणजे मूल मोठ्या माणसाशी बोलत असतानाचा तास. दिवसाचे सगळे तास धरून गुणाकार करू नका, घाबरून जाल. कोण समोर आहे यावर प्रश्नांची संख्या ठरते, आणि ती किती बदलते ते लंडनमधल्या एका जुन्या अभ्यासात दिसतं. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी चार वर्षांच्या ३० मुलींचं बोलणं घरी आईजवळ आणि नर्सरीत बाईंजवळ ध्वनिमुद्रित केलं. १९८४ मध्ये त्यावर पुस्तक आलं. घरी मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारत होत्या आणि नर्सरीत २. मुली त्याच, फरक फक्त जागेचा. नर्सरीच्या बाई शिकलेल्या आणि प्रेमळ होत्या. तरी मुली तिथे गप्प, आणि घरी आई भांडी घासत असताना, जेवण वाढत असताना, खिडकीबाहेर काहीतरी दिसलं म्हणून अखंड बोलणाऱ्या. कामगार कुटुंबांतल्या मुलींच्या घरीही हेच दिसलं. याचं कारण शोधायला लांब जायला नको. आईला मामा माहीत असतो, कोलाडचा पूल माहीत असतो, परवा कोण पडलं आणि कुणाला लागलं तेही माहीत असतं. तिच्याशी बोलताना मुलाला सुरुवातीपासून सगळं समजावून सांगावं लागत नाही.

म्हणजे पोळ्या लाटताना मागे लागलेला ‘का’ ही तुमच्याबद्दलची तक्रार नाही, तो तुम्हाला मिळालेला मान आहे. त्रासदायक मान आहे, हे कबूल.

आपल्याकडे तारा­बाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला लहान मुलांसाठी जे काम केलं, त्याची जातकुळी हीच. पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावर, घरांच्या अंगणात नेली आणि शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हेच शिकवण्याचं साहित्य केलं. मूल जिथे सैल असतं तिथे ते विचारतं, हे त्यांनी आकडेवारीशिवाय ओळखलं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सगळ्यांची उत्तरं द्यायलाच हवीत का? नाही. पण ‘असंच असतं’, ‘देवाने केलंय’, ‘गप बस’ ही उत्तरं वेळ वाचवतात असं जे आपल्याला वाटतं, ते खरं नाही. मिशिगन विद्यापीठातल्या फ्रेझियर, गेलमन आणि वेलमन यांनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं, की उत्तर मिळाल्यावर मूल पुढे काय करतं? खरं कारण मिळालं की मुलं मान डोलवत किंवा त्यातूनच पुढचं विचारत. कारण न मिळता नुसतं काहीतरी मिळालं की तोच प्रश्न परत विचारत, नाहीतर स्वतःच एखादं कारण रचून सांगत. तेव्हा तुमचा मुलगा तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारत असेल, तर मागची दोन उत्तरं त्याला पटलेली नाहीत. आणि उत्तरातूनच नवा ‘का’ निघत असेल, तर उत्तर पोचलंय. पहिला प्रकार थांबवता येतो. दुसरा थांबवू नये, पण ‘आता पुरे, उरलेलं संध्याकाळी’ म्हणायला काहीच हरकत नाही. झोपायच्या वेळचे प्रश्न मात्र मी या हिशेबात धरत नाही. दिवा घालवल्यावर सुचणारा ‘का’ बहुतेकदा झोप लांबवण्यासाठी असतो आणि मूल उत्तर ऐकायच्या आधीच पुढच्या ‘का’वर जातं. त्यावरूनच तो ओळखू येतो.

तुमच्या मुलाचे प्रश्न मला फार आवडले, म्हणून त्यांनाच जास्त जागा देतो.

कंपनीला झोप का नाही? धाटावच्या एमआयडीसीत रंगद्रव्यं, औषधांची मूळ रसायनं, शेतीसाठीची औषधं असा माल तयार होतो. यातली बरीच कामं एकदा सुरू केली की मध्येच सोडता येत नाहीत. रिॲक्टरमध्ये माल घातला की तो ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या दाबाला तासन् तास ठेवावा लागतो. एक बॅच आठ तासांत संपेलच असं नाही. बॉयलर थंड पडला तर तो हळूहळूच तापवावा लागतो, नाहीतर धातूवर ताण येतो. उकळवून वेगवेगळे द्रव बाजूला काढायचे उंच स्तंभ असतात. ते बंद करून पुन्हा चालू केले की नीट स्थिरावायलाच कित्येक तास जातात, आणि तोवर निघालेला माल बहुधा परत फिरवावा लागतो. शिवाय काही रासायनिक क्रियांमधून उष्णता आपोआप निघत राहते. ती वाहून नेणारं थंड पाणी चालू आहे की नाही, हे कुणीतरी जागं राहून बघायलाच हवं. पाच वर्षांच्या मुलाला एवढं सांगायची गरज नाही. त्याला विचारा, ‘भात अर्धा शिजला असताना मी गॅस बंद करून झोपले तर चालेल का?’ तो हसेल. मग सांगा, बाबांच्या कंपनीतला भात सकाळपर्यंत शिजतो, म्हणून त्याच्याजवळ कुणीतरी बसतं. या आठवड्यात बाबांची पाळी, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुणाच्या बाबांची.

बाबा दिवसा झोपलेले असतानाची कुचंबणाही याच धाग्याने थोडी सुटेल. ‘हळू बोल’ या आज्ञेला मुलाच्या लेखी कारण नाही. ‘बाबा रात्रभर जागे होते, त्यांची रात्र आत्ता चाललीय’ हे कारण आहे. आणि कंपनीचे सगळे प्रश्न तुम्हीच का झेलता? ते बाबांसाठी राखून ठेवा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते दुपारनंतर घरी असतात, तेव्हा मुलाने विचारावं आणि त्यांनी सांगावं. शिफ्टवाल्या घरांत बाप मुलाला जेवणाच्या ताटावर किंवा झोपेत भेटतो. राखून ठेवलेला प्रश्न म्हणजे दोघांना बोलायला आयता विषय.

नदीतलं पाणी कुठे गेलं? या प्रश्नाने मी खुर्चीत सरसावून बसलो. कोलाडच्या पुलाखालच्या कुंडलिकेत पाऊस नसतानाही पाणी चढतं-उतरतं, त्यामागे शंभर वर्षांची गोष्ट आहे. घाटापलीकडे पुणे जिल्ह्यात मुळा नदीवर मुळशीचं धरण आहे. ते पाणी तसंच वाहिलं असतं तर मुळा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं. टाटांनी ते सह्याद्रीतून पश्चिमेला वळवलं आणि पाचशे मीटरच्या आसपास खाली, भिऱ्याच्या वीजघरात पाडलं. १९२७ पासून तिथे मुंबईसाठी वीज होते. मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात बुडाल्या. १९२१ साली तिथे सत्याग्रह झाला आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते त्याच लढ्यातून. भिऱ्याला वीज करून झाली की पाणी कुंडलिकेत येतं. जलविद्युत संचांचा मोठा गुण असा की ते काही मिनिटांत चालू करता येतात आणि तितक्याच पटकन बंद करता येतात. त्यामुळे विजेची मागणी जशी वाढेल-घटेल तसं किती पाणी सोडायचं हे ठरतं. कोलाडला रबरी होड्यांचं राफ्टिंग उन्हाळ्यातही चालतं आणि सकाळी चालतं, ते याच पाण्यावर. पाणी ओसरलं की तिथेच खडक उघडे पडतात.

मुलाला सांगताना शेवटापासून सुरुवात करा. मुंबईत पंखे लागले, म्हणून भिऱ्याला चाकं फिरली, म्हणून मामाच्या पुलाखाली पाणी आलं. पंखे बंद झाले, पाणी थांबलं. एवढं त्याला पुरेल. मुळशीची बुडालेली गावं तो पुढे कधीतरी स्वतःच विचारेल. खाली रोह्याकडे खाडीची भरती-ओहोटीही नदीत मिसळते, तेव्हा ‘तिथे का वाढतं’ याचं उत्तर वेगळं आहे, हे तुमच्या माहितीसाठी. आणि एक गोष्ट उत्तर देताना विसरू नका, स्वच्छ ऊन पडलेलं असतानाही या नदीचं पाणी वर येऊ शकतं. कोरडा खडक दिसला म्हणून मुलाने त्यावर एकट्याने जायचं नाही. ही ताकीद आहे आणि तिचं कारणही त्याला आता ठाऊक आहे. त्यामुळे तो ती पाळण्याची शक्यता ‘तिथे बागुलबुवा आहे’पेक्षा बरीच जास्त.

धाकटीची तीच ती गोष्ट. तिला लाडावलेली म्हणू नका, ती अभ्यास करतेय. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांना नवे शब्द असलेली गोष्टींची पुस्तकं वाचून दाखवली. काहींना त्याच गोष्टी पुन्हा पुन्हा, काहींना दर वेळी वेगळ्या. नवा शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा कानावर पडेल अशी काळजी घेतली होती. तरी तीच गोष्ट ऐकणारी मुलं शब्द जास्त शिकली. पहिल्या वेळी मूल ‘पुढे काय होणार’ यातच गुंतलेलं असतं. ते एकदा कळलं की बाकीच्या शब्दांकडे लक्ष द्यायला ते मोकळं होतं. गाळलेलं वाक्य ती पकडते, कारण तिला ती गोष्ट तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहे. तुम्ही खरंच पेंगत असाल तर तिलाच सांगायला लावा, आणि मध्ये तुम्ही मुद्दाम चुका. थोरल्यालाही यात रस वाटेल, कारण चूक पकडणं हा त्याचाही आवडता उद्योग दिसतो.

राहिली म्हातारी बोटं. पाणी आत शिरून कातडी फुगते, असं आपण सगळेच सांगत आलो. पण बोटाची नस तुटलेल्या माणसाच्या त्या बोटाला सुरकुत्या पडत नाहीत, हे १९३०च्या दशकातच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं. म्हणजे हे काम मज्जातंतूंचं. ओलं झालं की शरीरच बोटांच्या टोकातल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं आणि वरची कातडी आत ओढली जाऊन घड्या पडतात. कशासाठी, यावर अजून वाद आहे. न्यूकॅसल विद्यापीठात २०१३ साली लोकांना पाण्यातल्या गोट्या उचलायला लावल्या, तेव्हा सुरकुतलेल्या बोटांनी काम लवकर झालं. कोरड्या गोट्यांना मात्र काही फरक पडला नाही. घरी करून बघा, बादली आणि गोट्या एवढंच लागतं, आणि बाबा झोपलेले असतानाही आवाज होत नाही. खाऱ्या पाण्यात सुरकुत्या पडायला गोड्या पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. रेवदंड्याला समुद्रावर जाल तेव्हा तेही मोजायला सांगा. आणि ‘खाऱ्या पाण्यात उशीर का?’ हे विचारलंन, तर मला लिहा.