फाटकावर रमणारं मूल

सुट्टीच्या दिवशी मूल रेल्वे फाटकाजवळ जाऊन थांबतं, मालगाडी आली की डबे मोजतं, इंजिनाचा नंबर वहीत उतरवून घेतं. घरी आलं की तासभर तेच सांगत बसतं. अभ्यास सोडून हे काय, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. माझ्या लेकीला हाच नाद आहे, म्हणून तुमच्याशी मोकळेपणाने बोलते.

आधी ती वही मागून घ्या आणि निवांत वाचा. आमचं फाटक मनमाड-नाशिक मार्गावर आहे. लेकीच्या वहीत तारीख, वेळ, गाडी कुठल्या दिशेची, इंजिन कुठल्या शेडचं, डबे किती नि कसले, हे सगळं असतं. उघड्या डब्यांतून कोळसा चालला असेल तर तो एकलहऱ्याच्या वीजकेंद्राचा असेल का, हा प्रश्न तिला नकाशाकडे नेतो. बंद डबे, तेलाच्या टाक्या, कंटेनर, प्रत्येकाची तिच्याकडे वेगळी खूण आहे.

प्रत्येक वॅगनवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कुठल्या रेल्वेची ते, त्यापुढचे दोन बांधणीचं वर्ष, मग चार आकडी क्रमांक. अकरावा आकडा पडताळणीचा. पहिल्या दहांतल्या सम जागांवरच्या आकड्यांची बेरीज करून तिची तिप्पट करायची, त्यात विषम जागांवरच्यांची बेरीज मिळवायची. ही बेरीज दहाच्या पटीत नेण्यासाठी जेवढे कमी पडतात, तो शेवटचा आकडा. धावत्या गाडीवरचा नंबर वाचताना चूक झाली की हिशेब जुळत नाही आणि लेक त्या ओळीवर काट मारते. स्वतःच्या नोंदीवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

सिग्नलचंही तसंच. गाडी दिसत नाही तरी फाटक कशाला बंद, म्हणून आपण करवादतो. पण इंटरलॉक केलेल्या फाटकावर, फाटक बंद होऊन कुलूपबंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही, आणि सिग्नल दिल्यावर फाटक मनात येईल तेव्हा उघडता येत नाही. पिवळ्या गोल पाटीवर काळा ‘जी’ असलेला खांब म्हणजे फाटकाचा सिग्नल. ‘सी/फा’ची पाटी ड्रायव्हरला शिटी वाजवायला सांगते. गेटमन हिरवा झेंडा धरून उभा असतो तेव्हा त्याची नजर चाकांवर असते: कुठे धूर निघतोय का, काही लोंबतंय का. शेवटच्या डब्यावरची ‘एलव्ही’ची पाटी दिसली की गाडी अखंड गेली. हे कळलेलं मूल आडव्या दांड्याखालून मोटारसायकल घालणार नाही.

आता काळजीचं बोलू, आणि इथे मी अजिबात सैल नाही. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. उभ्या मालगाडीवर सेल्फीसाठी चढलेली मुलं तारेला हात न लावताही होरपळली आहेत, नुसतं जवळ जाणंही जिवावर बेततं. उभ्या गाडीखालून वाकून जायचं नाही. एक गाडी गेली म्हणून लगेच पाय टाकायचा नाही, शेजारच्या रुळावरून दुसरी येत असते. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. म्हणून पहिल्यांदा तुम्ही सोबत जा. गेटमनदादांना भेटून, कुठे उभं राहिलं तर चालेल, फोटो काढले तर चालेल का, ते विचारा आणि रस्त्याच्या बाजूची एक जागा मुलाला ठरवून द्या. गाडी येत असताना मात्र त्यांच्याशी बोलायचं नाही, तेव्हा ते कामात असतात.

एक विनंती आहे. हा नाद दिसला की लगेच ‘मग रेल्वेच्या परीक्षेला बस’ असं म्हणू नका. पाहुण्यांसमोर वही दाखवायलाही लावू नका. आवडीला नोकरीचा किंवा कौतुकाचा हिशेब चिकटला की पोर ती लपवायला लागतं. त्यापेक्षा आज काय गेलं एवढंच विचारा आणि उत्तर पुरतं ऐका, कंटाळा आला तरी.

आणि हे फार लांबणीवर टाकू नका. ब्रॉडगेजवरची गेटमन नसलेली फाटकं २०१९च्या सुरुवातीपर्यंत संपली. आता गेटमनची फाटकंही उड्डाणपूल आणि भुयारी मार्गांपुढे एकेक करून बंद होताहेत. ते योग्यच आहे, त्याने जीव वाचतात. पण फाटकाचा नंबर, गेटमनची खोली, दांडा वरखाली करायचं चाक, तिथल्या पाट्या, यांची नोंद ठेवणारं गावात दुसरं कुणी नसतं. तुमच्याजवळचं फाटक अजून चालू असेल, तर येत्या रविवारी टोपी, पाणी आणि वही घेऊन दोघं जा.